उत्तर दिलं की थांबायचं

एक विचारतो, रागावू नका. विश्वास ठेवायचाच झाला तर कुणावर ठेवाल? डोळ्यांवर की कानांवर?

मी जन्मभर कानांवर ठेवला. शिक्षण म्हणाल तर मालवणातली चौथी. पुढचं सगळं दारूखान्यात शिकलो. तिथे जुनी जहाजं फोडतात. तिथून मी तांब्याच्या नळ्या उचलायचो. नळी दिसायला नवीकोरीच असते हो, विकणारा लिंबाने घासूनच आणतो. मी आपली टिचकी मारायचो. चांगली नळी गाते, आतून गेलेली नुसती ठस्स करते. एका पठ्ठ्याने मला गाणारी नळी दाखवली आणि गोणीत भलत्याच भरल्या. मी गोणीलाच लाथ घातली, आवाज ऐकला आणि म्हटलं, "भाऊ, ही गोणी तुझ्या सासऱ्याला दे." अजून भेटला की हसतो.

असा कानाचा माणूस मी. आणि त्याच कानांनी मला... असो. चहा घ्या, क्रमाने सांगतो.

गिरणी संपाला तेव्हा वीसेक वर्षं झाली होती. गिरण्यांची धुराडी उभी होती, पण त्यांतून धूर निघताना पाहिलेली माणसं म्हातारी व्हायला लागली होती. घोडपदेवला माझा गाळा. जमिनीला फळ्या घातल्या होत्या, त्याही फोडलेल्या जहाजाच्याच. भंगारातून मी जुन्या कॉम्प्युटरवर आलो होतो. कचेऱ्या टाकून द्यायच्या, मी उचलायचो आणि फ्रँक दुरुस्त करायचा. फ्रँक दादरचा, पोर्तुगीज चर्चच्या मागे राहणारा ईस्ट इंडियन ख्रिस्ती. हात सोन्याचा, तोंड गटाराचं. त्यानेच डोकं चालवलं, "तुळशी, विकली जाईपर्यंत मशिनं धूळ खातात, त्यापेक्षा तासावर गेम खेळायला दे." दिली. गल्लीतली पोरं बंदुकीचे खेळ खेळायची. चंदूचं मात्र वेगळं होतं.

चंदू वरळी कोळीवाड्याचा, तिशी ओलांडलेला. भाऊच्या धक्क्यावरून मासळीचा टेम्पो चालवायचा. सकाळच्या खेपा संपल्या की दुपारी माझ्याकडे. तो आणि त्याची बायको शेवंती वडाळ्याला भाड्याच्या खोलीत राहत. आई, गुणवंती, कोळीवाड्यात एकटीच. मुलाने किती विनवलं, पण ती समुद्राकडे पाठ करून राहायला तयार नव्हती. नवऱ्याची वाट बघत होती.

नवरा धोंडू. कोळ्याचा मुलगा, पण करी रोडकडच्या एका गिरणीत माग चालवायला गेला. मागांच्या खडखडाटात त्याचे कान गेले, ठार बहिरा झाला. मागखात्यात बोलणं असंही ओठांनी आणि बोटांनीच चालायचं. घरीही तो तसाच बोलायचा आणि घरचे त्याच्याशी तसेच. मग संप झाला. संप लांबला, चूल पेटेना, तेव्हा मेव्हण्याची होडी घेऊन परत समुद्रावर गेला. धुक्याच्या एका सकाळी गेला तो गेलाच. होडी सापडली नाही, प्रेत सापडलं नाही. गुणवंतीबाईंनी कुंकू पुसलं नाही. कुणी विषय काढला की म्हणायच्या, "माणूस दिसला नाय, तर मेला कसा?"

आता चंदूचा खेळ सांगतो. पाणबुडीचा. पाणबुडीला खिडकी नसते. पाण्याखाली बसायचं, कानाला हेडफोन, समोर एक गोल तबकडी. तबकडीचं वरचं टोक म्हणजे पाणबुडीचं नाक. सुई फिरवत जायची. जिकडे जहाजाच्या पंख्याचा आवाज मोठा, तिकडे जहाज. नकाशावर त्या दिशेला रेघ मारायची. एका रेघेने नुसती दिशा कळते. मग जागा बदलून दुसरी रेघ, आणि दोन रेघा जिथे छेदतील तिथे जहाज. एक बटण असं होतं की दाबलं की पाणबुडी स्वतःच 'टिंग' असा आवाज सोडते. ते सहसा दाबायचं नाही. दाबलंत की शत्रूला कळलं, तुम्ही कुठे दबा धरून बसलाय ते.

त्या दुपारी गाळ्यात आम्ही दोघेच. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. शटर मी अर्धं ओढून घेतलं होतं. पंखा कुरकुरत होता.

"शेठ, जरा इकडे या. हे ऐका."

मी हेडफोन लावला. पाण्याची घूंऽ घूंऽ. लांबवर एक मालवाहू जहाज, धप् धप् धप्. आणि त्याच्याही मागे, अगदी बारीक... ठक् ठक्. जरा थांबून, ठक्. लाकडावर लाकूड.

"असेल खेळातलंच काहीतरी."

"नाय हो. वर्षभर खेळतोय, कधी ऐकलं नाय. आणि हे बघा."

त्याने पाणबुडी वळवली. मालवाहू जहाजाचा आवाज तबकडीवर सरकून दुसऱ्या अंगाला गेला. जायलाच हवा, आपण वळलो ना! पण ठकठक जागची हलली नाही. डावीकडे वरच्या अंगाला होती, तिथेच. त्याने पुन्हा वळवली, पार उलटी केली. तिथेच.

चंदू उठला. मला वाटलं, कंटाळला. त्याने मशीनसकट टेबलच ओढलं आणि उत्तरेच्या भिंतीकडे तोंड होतं ते पूर्वेकडे फिरवलं. परत हेडफोन लावून सुई फिरवत बसला. आता ठकठक तबकडीवर भलतीकडे होती. पण खोलीच्या मानाने पाहाल तर... त्याच भिंतीच्या त्याच कोपऱ्याकडे.

"शेठ," त्याचा आवाज एकदम खाली आला, "हे त्या समुद्रात नाय. हे बाहेर आहे. आपल्या मुंबईत."

मी हसणार होतो, तेवढ्यात त्याच्याकडे लक्ष गेलं. तो ओठांनी ठोके म्हणत होता. दोन... आणि एक. दोन... आणि एक.

"ही आमच्या होडीची हाक आहे."

मग त्याने सांगितलं. धुक्यात होड्या एकमेकींवर चढू नयेत म्हणून फळीवर दांडक्याने ठोकायचं. त्यांच्याकडे ज्याच्या त्याच्या होडीचा ठोका ठरलेला. ऐकलं त्याने उत्तर द्यायचंच; वैरी असला तरी द्यायचं. आणि एकदा उत्तर दिलं की तिथेच थांबायचं, होडी हलवायची नाही. कारण समोरचा तुमच्या ठोक्यावर भरवसा ठेवून येत असतो.

त्याचा हात बटणाकडे गेला.

"चंदू, ते बटण दाबायचं नसतं. तूच मला शिकवलंस."

"हाक आली शेठ. गप बसू कसा?"

टिंग, टिंग. टिंग.

ठोके थांबले. मालवाहू जहाजही थांबल्यासारखं वाटलं. मग ठोके पुन्हा सुरू झाले, घाईघाईने, वेडेवाकडे.

मी फ्रँकला फोन लावला. तो खेळ त्याच्याकडेही होता. म्हटलं, टेबल उत्तरेकडे तोंड करून लाव आणि ठकठक कुठून येते ते सांग.

"तुळशी, भरदुपारी घेतलीस काय रे?"

"लाव तर खरं."

बऱ्याच वेळाने त्याचा फोन आला. एरवी पहिला शब्द शिवी असायचा. "लाकूड ठोकतंय रे कोणीतरी... डावीकडून. जवळजवळ सरळ डावीकडून. हे काय आहे, तुळशी?"

माल पोचवायला लागतो म्हणून भिंतीवर मुंबईचा मोठा नकाशा लावला होता. मी पट्टी घेतली. घोडपदेवहून एक रेघ ओढली, दादरहून एक. दोन्ही समुद्राकडे निघाल्या आणि पाणी लागता लागता छेदल्या. चंदूने तिथे बोट ठेवलं. ठेवलं ते उचलेना.

"आमचं घर."

टेम्पो कसा हाकला, देव जाणे. कोळीवाड्यात सुकट वाळत घातलेली, तिचा उग्र वास. गल्लीत माणूस नाही, सगळे दुपारचे लवंडलेले. घराचं मागलं दार पाण्याकडे उघडतं. त्या दाराच्या सागवानी उंबऱ्याजवळ गुणवंतीबाई बसल्या होत्या. हातात हिरव्या बांगड्या, कपाळाला ठसठशीत कुंकू आणि हातात मुसळ. उंबऱ्यावर ठोकत होत्या. दोन. थांबून एक.

चंदू भिंतीला टेकला. "आई... ही तू होतीस?"

"रोजच ठोकतंय. भरती आली की. तुज्या बापसाला कानाने आयकायला येत नाय, पन लाकडातनं पायाला कळतं. जेवायला अशीच हाक मारायची मी त्याला, ठाऊक नाय तुला?" आणि मग लग्नातल्या मुलीसारखं हसल्या. "आज त्याने उत्तर दिलंन रे."

चंदू त्यांच्यापुढे बसला. "आई, ते उत्तर माझं होतं. मशिनीतनं दिलं. चूक झाली माझी."

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. लहान पोराकडे बघावं तसं. "पयलं तुजं आसंल. मागनं आलं ते कंचं?"

"मागनं कुठलं?"

"दोघंबी पाय ठेवा इथं."

उंबऱ्यावर पाय ठेवू नये, तुम्हीही घरात हेच शिकला असाल. त्या बाईने आम्हाला ठेवायला लावला. बाहेर पाणी पायऱ्यांना लागलेलं, होड्या नांगरलेल्या, त्यांत कुणी नाही. मुसळ तिच्या मांडीवर होतं, दोन्ही हात मुसळावर. कानाला काही आलं नाही. पण तळपायाला, खालून... ठक् ठक्.

ठक्.

मी पाय काढून घेतला. चंदूला काढता आला नाही. मी ओढला त्याला.

त्याच संध्याकाळी त्याने आईला वडाळ्याला हलवलं. तिने हट्ट केला नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. एवढंच म्हणाली, "ने कुठं पन. त्याला आता उत्तर गेलंय. यील तो."

परत जाताना चंदू मला म्हणाला, "शेठ, बाबाच असेल तो, मान्य. पण इतकी वर्षं पाण्याखाली असलेला माणूस घरी राहायला येत नाय. न्यायला येतो."

दुसऱ्या दिवशी शेवंतीने सासूचे हात नजरेआड होऊ दिले नाहीत. इकडे चंदूने हेडफोन लावला. ठोके चालूच. ठोकणारी बाई वडाळ्यात मटार सोलत बसलेली, मग हे कोण? फ्रँकची रेघ घेतली, आमची घेतली. छेद कोळीवाड्यात नव्हता. प्रभादेवीला होता. सुक्या जमिनीवर.

पुढच्या दुपारी आणखी आत. त्यानंतर करी रोडकडे, बरोबर त्या बंद गिरणीवर. तिथे तो ठिपका हलला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. पाळी भरत असावा तसा. चंदू नकाशाकडे बघत म्हणाला, "बाबांचं खातं."

मग फ्रँकचा फोन. "माझ्या पाठीमागे होता ना? आता उजव्या अंगाला सरकतोय. तुळशी, मी चर्चमध्ये मेणबत्ती लावून आलोय आणि हा खेळ पुसून टाकतोय. मला पुन्हा फोन करू नकोस."

दादरच्या उजव्या अंगाला काय, ते नकाशा न बघताही कळत होतं. वडाळा.

"त्याला वळवायला हवा," चंदू म्हणाला.

"कसा वळवणार? त्याला 'थांब' म्हटलेलं ऐकू येत नाही."

"हाक कळते ना. इथून उत्तर देतो."

"अरे, उत्तर दिलं की थांबायचं असतं, तूच म्हणालास!"

"मग थांबतो ना," म्हणाला. जणू मी त्याला टेम्पो घेऊन थांब म्हटलं होतं.

टिंग, टिंग. टिंग.

सुई सरकत होती ती अडखळली. हळूहळू मागे आली आणि एका जागी बसली. मग हलेना. आवाज तेवढा वाढायला लागला. आवाज जागचा हलत नाही आणि नुसता मोठा होत जातो, म्हणजे येणारा सरळ तुमच्यावर येतोय. कोळ्याच्या पोराला हे कुणी शिकवावं लागत नाही.

"शेठ, तुम्ही बाहेर बसा. कुणाला आत पाठवू नका."

मी बसलो बाहेर. माणसाने अशा वेळी राहावं की जावं? मी गेलो. समोर गंगाधरची चहाची टपरी. संपाआधी तोही मागावर होता, नंतर किटली धरली. त्याच्या बाकड्यावर बसलं की शटरखालून माझ्या गाळ्यातलं टेबल सरळ दिसतं. चंदूने हेडफोन काढून ठेवला होता. चपला काढल्या होत्या. दोन्ही तळवे फळ्यांवर सपाट. त्याच्या समोरची खुर्ची रिकामी.

बराच वेळ तो तसाच बसला. मग त्याने मान वर केली आणि बोलायला लागला. आवाज नाही. ओठ रुंद रुंद उघडत, बोटं हलवत.

गंगाधरच्या हातातली किटली तिरकी झाली, चहा सांडत राहिला. "शेठ, हा मागखात्यातलं बोलतोय. हे हल्ली कोण बोलतं?"

"काय म्हणतोय?"

"आई... आई नाही म्हणतोय. गेल्या साली गेली." गंगाधर डोळे बारीक करून वाचत होता. "वडाळ्याला कुणी नाही... हाक मीच मारत होतो... नेणार असाल तर मला..." तो थांबला. "आता ऐकतोय. समोरच्याचं वाचतोय."

"आणि समोरचा? तो काय म्हणतोय?"

गंगाधर माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "त्याचे ओठ कसे दिसतील शेठ? मला इथून त्याची पाठ दिसते."

मला खुर्ची रिकामी दिसत होती. देवाशपथ सांगतो.

थोड्या वेळाने चंदू बाहेर आला, शटरखालून वाकून, सावकाश. मी हाक मारली. वळला नाही. मी ओरडलो, "चंदू!" गल्लीतली सगळी माणसं वळली, तो वळला नाही. मी खांद्यावर हात ठेवला तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांकडे नाही. ओठांकडे.

परळच्या मोठ्या इस्पितळात दाखवलं. डॉक्टर म्हणाले, कानात दोष काहीच नाही, ऐकू यायला हवं. येत नाही. टेम्पो सुटला, आता धक्क्यावर बर्फ फोडतो. नेलं नाही त्याला. कान घेऊन तेवढ्यावर सोडलं, की खोटं पटलं, मला ठाऊक नाही. हेडफोनमध्ये त्यानंतर काही आलं नाही. मी ते मशीन दारूखान्यातच विकून टाकलं.

गुणवंतीबाई वडाळ्याला आहेत. खाट लोखंडी दिली, पोळपाट-लाटणं कपाटात कुलपात. मुलाने आपल्याला शब्दाने मारून टाकलंय, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. चंदू ओठांनी मला एवढंच म्हणाला होता : तिने एकदा जरी ठोकलं, तर बाबांना कळेल मी खोटं बोललो.

गेल्या आठवड्यात दुपारी शेवंतीचा फोन आला. कुजबुजत होती.

"शेठ... तुम्हाला ऐकू येतंय?"

आलं. फोनमधूनही आलं. ठक् ठक्. ठक्.

"अगं, हात धर त्यांचा! हातात काय असेल ते काढून घे!"

"आईंचे दोन्ही हात माझ्या हातात आहेत, शेठ. त्या झोपल्यात."

"मग चंदू कुठे आहे?"

"खाटेवर बसले होते. ऐकू तर काही येत नाही त्यांना... पण आत्ताच उठले, आणि उंबऱ्यावर पाय ठेवून उभे राहिलेत. ओठ हलतायत त्यांचे. बोटं दाखवतायत... एक, दोन... घरात किती माणसं, ते सांगतायत वाटतं."

"किती सांगतोय?"

फोन कट झाला. तेव्हापासून मी वडाळ्याकडे फिरकलेलो नाही.

धंद्यात मी थोडंफार इकडचं तिकडे केलं असेल, कोण करत नाही. पण तुम्हाला हात जोडून सांगतो, आपल्या घरात माणसं किती, कोण आहे आणि कोण गेलं, हा हिशोब तेवढा खरा ठेवा.